तेलगावच्या रस्त्यात अडकलेली तार

"मॅडम, गेजचा काटा पुरा आलाय, पर तार लई कमी आली," सलीमचाचा म्हणाले.

चाचा आमचे जॅक ऑपरेटर. बीडचे, सगळी हयात पुलांच्या कामावर गेलेली. मी तेलगावजवळच्या त्या रस्त्यावर क्वालिटी इंजिनिअर. एकशेवीस मीटरचा काँक्रीटचा सलग पट्टा, मधे एकही जोड नाही. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून त्यात पाइपमधून पोलादी तारा घालायच्या, काँक्रीट घट्ट झालं की जॅकने ओढून टोकांना पक्क्या करायच्या. ताणलेली तार आखडायला बघते आणि काँक्रीट आवळून धरते. मग भेगा पडत नाहीत. याला प्रीस्ट्रेसिंग म्हणतात.

हिशेबाने तार सत्तर सेंटिमीटर लांबायला हवी होती. पंचेचाळीसवर थांबली.

प्रोजेक्ट मॅनेजर जाधव साहेब आले. "गेजवर प्रेशर पूर्ण आहे ना? मग जास्तीची तार कापा. आठ दिवसांत कारखाना सुरू होतोय. उसाच्या ट्रॉल्या काय शेतातून नेणार?"

त्यांचंही खरं होतं. पण टोक कापलं की जॅकला धरायला काही उरत नाही, तार पुन्हा ओढता येत नाही.

"सर, तार मधेच अडकलीय. पुढे ताण पोचलेलाच नाही. मी सही करणार नाही."

"मग सगळा पट्टा फोडता?"

"एकच खड्डा. कुठे ते दुपारपर्यंत सांगते."

बोलून गेले खरी, पण ती जागा अजून शोधायची होती.

ताण सोडून चाचांनी तार दुसऱ्या टोकाने ओढली. पंचवीसवर थांबली. पंचेचाळीस आणि पंचवीस, सत्तर. म्हणजे अडथळा एकच होता; दोन असते तर मधला तुकडा ताणलाच गेला नसता आणि बेरीज कमी भरली असती. तार जेवढी मोकळी, तेवढीच लांबते. त्या प्रमाणात पहिल्या टोकापासून सत्त्याहत्तर मीटर आले. तिथे खडूने फुली मारली. पुन्हा ताण सोडला आणि ब्रेकर लावला.

फुलीपासून हातभर अंतरावर पाइप फाटलेला सापडला. सिमेंटचं पाणी आत शिरून दगड झालं होतं.

चाचा वाकून बघत राहिले. "इतक्या वर्सांत असं हिशेबानं कुणी शोधलेलं बगितलं न्हाई."

पाइप साफ करून जोडला, खड्डा लवकर घट्ट होणाऱ्या काँक्रीटने भरला. चौथ्या दिवशी तार पुन्हा ओढली. टेप जाधव साहेबांनी स्वतः धरली. एकोणसत्तर. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "करा आता सही."

त्यानंतर उसाचे तीन हंगाम गेले. अंबाजोगाईला जाताना मी अजून गाडी थांबवून तो पट्टा चालून बघते. एक भेग नाही.

गेज फक्त जॅकपाशी किती जोर आहे ते सांगतं. पलीकडे काय पोचलं, ते आपणच मोजायचं असतं.