माझं कुलूप, बायकोचा कॉम्प्युटर

बायकोचा कॉम्प्युटर हातात घेतला, तेव्हा माझ्या तोंडात सगळे दात होते.

बोईसरच्या एका कंपनीचे हिशेब ती घरून बघते. कंपनीचं काम सोमवारपासून फक्त नव्या विंडोजवर चालणार होतं आणि आमचा जुना डबा त्याला अपात्र. सोमवारी ती हजर झाली नाही तर काम दुसरीला जाणार. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट दाबलं की बायोस नावाचं आतल्या सेटिंगचं पान उघडतं, तिथे थोडं इकडचं तिकडे केलं की जुन्यावरही नवं विंडोज चढतं, असं मी मोबाइलवर पाहिलं. मेव्हण्यानंही पाहिलं. इथेच घात झाला.

मेव्हणा समुद्रकाठच्या मुरबे गावचा, अंगानं माझ्या दुप्पट. तो म्हणे बूट, म्हणजे सुरू व्हायची पद्धत, जुन्या लेगसीवर ठेवा, मी म्हणे नव्या यूईएफआयवर. मी बदललं की तो परत फिरवायचा. त्या ओढाताणीत पेनड्राइव्हवरून काही सुरूच होईना.

आमच्या प्लांटात मशीन उघडलं की काम करणारा स्विचला स्वतःचं कुलूप घालतो. ते दुसऱ्यानं काढायचं नाही. परस्पर काढलेल्या कुलपापायी एकाचा हात कोपरापर्यंत चिरडलेला मी पाहिलाय. मी सवयीनं बायोसला पासवर्ड घातला आणि शनिवारी रात्रीच्या ड्युटीवर गेलो.

रविवारी सकाळी परतलो तर मेव्हणा दारातच.

"भावजी, कुलूप काढा."

"माझं कुलूप मी काढीन तेव्हा."

"ह्यो काय तुमचा प्लांट हाय? तायचं काम जाईल!"

"तिच्याचसाठी लावलंय!"

त्यानं मला कॉलर धरून कपाटावर आपटलं. मी त्याच्या मनगटाला चावलो. शूर माणसं चावत नाहीत, पण तेवढंच माझ्या उंचीवर होतं. त्याच्या ठोशानं ओठ फाटला, पुढचा दात जिभेवर आला. मग मी कीबोर्ड उचलून त्याच्या नाकावर हाणला. बटणं घरभर उडाली, रक्त माझ्या शर्टावर आलं.

बायको स्वयंपाकघरातून आली. तिनं आधी भावाच्या मुस्काटात मारली, मग माझ्या.

"पासवर्ड?"

मी फुटक्या कीबोर्डाकडे बोट दाखवलं. टाइप करायला काही उरलंच नव्हतं.

"तुमच्यात कुलूप तोडायचं असलं तर काय करतात?"

"ज्याचं असेल तो समोर लागतो."

"मग उभे राहा इथं."

मी शर्टाची बाही तोंडावर धरून उभा राहिलो. तिनं वायर काढली, डबा उघडला आणि सुरीच्या टोकानं आतला, बायोसची आठवण जागी ठेवणारा नाण्याएवढा सेल उचकटला. तो परत बसवला तेव्हा पासवर्ड पुसला गेला होता. शेजारून कीबोर्ड आणला, पेनड्राइव्ह करून देणाऱ्या दुकानदाराला फोन लावला आणि तो सांगेल ते निवडलं. यूईएफआय.

मी तोंड उघडलं.

"बोललात तर दुसरा दात मी पाडीन."

मेव्हण्यानं आणलेल्या पापलेटाच्या पेटीतला बर्फ आम्ही दोघांनी तोंडाला लावला. विंडोज चढत होतं.

"भावजी, दुकतंय?"

"नाय," मी त्याच्याच भाषेत म्हणालो.

सोमवारी ती वेळेवर हजर झाली. कॅमेरा लावायच्या आधी तिनं आम्हा दोघांना मोरीत कोंडलं. कंपनीला आमची थोबाडं दिसायला नकोत, म्हणाली.