अंगठ्याखालची ओळ

मी पहिलीच ओळ वाचत होती, अन् तिनं माहा अंगठा धरला. शाईच्या पॅडवर दाबला, कागदावर दाबला. बकरीच्या कानात बिल्ला ठोकतात ना, तसा.

मी म्हटलं, "पोरी, मले वाचता येते. सही बी येते."

टेबलामागची ती पोरगी बाजूच्या पोरीकडं पाहून हसली. "वाचून काय करणार आजी? मराठीतच आहे, पण तुम्हाला नाही समजणार ते. सरका, मागं लाइन आहे."

मी सरकली. हेच सांगाले लाज वाटते. सरकली मी.

माही धाकटी जाऊ कमल, तिच्या छातीत गाठ निघाली. गाठ कॅन्सरची. वरवट बकालच्या बाजूचं आमचं गाव, तिथून दोन गाड्या बदलून या शहरातल्या दवाखान्यात आलो होतो. कमलले अक्षर येत नाही. तिनं अंगठा देल्ला माह्या भरवशावर, अन् साक्षीदार म्हणून मी.

मी शाळेत गेली नाही. पोरीच्या पुस्तकातून शिकली, मंग खताच्या थैल्या, औषधाच्या बाटल्या, पेपर, जे सापडलं ते वाचत गेली. गावात कोणाची नोटीस आली की माह्याच ओट्यावर येते. पण त्या कागदावर होतं: 'ऊतक-नमुन्यातील जैवचिन्हकांचे परीक्षण.' असे शब्द मी कोण्या थैलीवर पाह्यले नव्हते. मराठीच होती म्हणे.

गाडीत कमलनं विचारलं, "बाई, काय लिहेल होतं व?"

मी म्हटलं, "सगळं बरोबर हाय."

खोटं बोलली. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून किती उगवले हे पाह्यल्याशिवाय मी वावरात बी टाकत नाही. पीक घरात येईपर्यंत रिकामी थैली अन् मूठभर बी जपून ठेवते, कारण दुकानदारावर माहा इस्वास नाही. अन् जावेच्या जिवाच्या कागदावर न वाचता अंगठा!

पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावणं आलं. गाठीतून काढेल तुकडा तपासाले कमी पडला, पुन्हा घ्यावा लागते म्हणे. मले तवाच संशय. पहिला तुकडा गेला कुठं?

तोच टेबल, तीच पोरगी, तोच कागद. पॅड सरकवलं. मी हात पदराखाली घेतला अन् कागद खालून वाचाले सुरुवात केली. सगळ्यात खाली, जिथं मागच्या टायमाले माहा अंगठा उमटला होता, तिथं छापेल होतं: 'वरील सर्व मजकूर रुग्णास तिच्या भाषेत वाचून समजावून सांगितला आहे. साक्षीदार.'

अंगात आग झाली. कोणी काहीच सांगतलं नाही, अन् सांगतलं असं मीच लिहून देल्लं होतं. खोटी साक्ष. माह्याच अंगठ्यानं.

"नाही देत," मी म्हटलं.

"आजी, टेस्ट थांबेल हं. मग आम्हाला नका बोलू."

कमल घाबरली. पदर ओढाले लागली. "बाई, भांडू नको व. औषध नाही देनार ते."

"देतीन. आधी सांगतीन, मंग देतीन."

आवाज ऐकून आतून एक तरणा डॉक्टर आला. मी 'ऊतक' या शब्दावर बोट ठेवलं. "हे काय हाय?"

"टिश्यू."

"अन् टिश्यू म्हणजे?"

"मांसाचा बारीक तुकडा."

"मंग तुकडा लिहा ना बापा. अन् हे जैवचिन्हक?"

त्याले लई वेळ लागला. शेवटी म्हणे, "प्रत्येक गाठ वेगळी असते. तिच्यात काही खुणा असतात. त्या सापडल्या, तर कोणतं औषध लागू पडेल ते कळतं."

"कपाशीच्या पऱ्हाटीवर मावा हाय का अळी, हे पान उलटवून पाह्यल्याशिवाय आम्ही फवारा मारत नाही. तसं?"

"अगदी तसं."

कमल पहिल्यांदा डॉक्टरशी बोलली. "मंग हे मले पैलेच काऊन नाही सांगतलं?"

मी पुढची ओळ काढली. 'उर्वरित नमुन्याचे संशोधनार्थ जतन.' म्हणजे तपासून उरेल तुकडा ते ठेवून घेणार, अभ्यासाले.

"नाही म्हटलं तर?"

"चालतं. उपचार थांबत नाहीत."

"हे कुठं लिहेल हाय?"

त्यानं कागद पाह्यला. उलटवून पाह्यला. नव्हतं लिहेल.

कमल म्हणे, "इचारलं असतं त देल्ला असता. दुसऱ्या बाईच्या कामी आला असता. आता नाही देत."

त्यानं ती ओळ पेनानं खोडली. कमलनं अंगठा देल्ला. मी सही केली, अक्षर न अक्षर सुटं. अन् कागदाची नक्कल मागून घेतली. पहिल्या तुकड्याचं काय झालं, ते अजून कोणी सांगतलं नाही.

त्या भांडणानंतर आता दवाखान्यातून फोन येते. 'सोप्या मराठीत' फॉर्म करणार आहेत, मीटिंगले या, सत्कार ठेवला आहे. मी विचारलं, "माहे शब्द छापसान का नुसता फोटो काढसान?" फोनवरची मॅडम म्हणे, कळवतो. अजून कळवलं नाही.

कमलच्या तपासणीचा निकाल यायचा आहे. पुढच्या मंगळवारी आम्ही चाललो, औषधाचा नवा कागद तवा पुढं येईलच. वहीत मी त्याइचे शब्द एका बाजूले अन् आपले एका बाजूले लिहिले आहेत. वही पिशवीत आहे. टेबलावर पॅड सरकलं की मी हात पदराखाली घेईन अन् कागद पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचीन. लाइनीतल्या शेवटच्या बाईले ऐकू जाईल असं. लाइन थांबली तर थांबू दे.