यादीत माझं काय होतं?

मैत्रिणींनो, पाडव्याला मी वर्षभरात काय करायचं त्याची यादी लिहून पिठाच्या डब्यावर चिकटवली होती. लेकराचं इंग्रजी सुधारायचं, ह्यांची तंबाखू सोडवायची, सासूबाईंचे गुडघे दाखवायचे.

सासूबाईंनी ती माझ्याकडून वाचून घेतली. म्हणाल्या, "समदं बराबर हाय. पण यात तुझं काय हाय?"

मग मी खाली लिहिलं, स्कूटी शिकायची.

आज त्यांनाच मागं बसवून आमच्या कुरुंद्याहून वारंगा फाट्याला गेले. तिथं ओळखीच्या बाईनं विचारलं, "कोणत्या बसनं आल्या?"

सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "बस कशाला? सुनेनं आणलं."

घरी येऊन ती ओळ खोडली. वरच्या तिन्ही अजून तशाच आहेत, तरी आज लई अभिमान वाटून राहिला.

तुमच्या यादीत तुमचं काय हाय?