तिसरी चूक

कारखान्यात तिला सगळे ‘चाळणी’ म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती; पण नाव तिच्या कानावर होते, आणि मनातून ते तिला आवडतही असे. संगणकाची स्मृती ज्या चिपमध्ये साठते ती चिप बाहेर पडण्यापूर्वी तापवून, गारठवून, नाना परीने छळून पाहणे हे तिचे काम. अंगात पांढरा डगला, अंगातली वीज चिपला लागू नये म्हणून मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा आणि समोर भट्टीची काचेची खिडकी. लहानपणी आई धान्य पाखडून झाल्यावर निवडलेल्या राशीतून पुन्हा एकदा हात फिरवी. तीच खोड मुलीला लागली होती. पास झालेल्या चिप्सपैकी एखादी ती उगाचच पुन्हा उचलून पाही.

वरच्या मजल्यावर तिचा धाकटा दीर चिपची रचना करी. थोरल्या भावाशी तिची ओळख त्यानेच करून दिली होती. ‘‘ही घरात आली तर आईच्या स्वयंपाकातसुद्धा चुका काढील, पण खोटं कौतुक करणार नाही,’’ अशी शिफारस करून. या खेपेची चिप सर्वस्वी त्याची होती. रुग्णाच्या उशाशी औषध थेंबाथेंबाने सोडणाऱ्या यंत्रात ती बसणार होती. किती औषध सोडायचे, हे त्या चिपनेच लक्षात ठेवायचे होते. चाळणीची सही झाली की माल निघणार आणि दिराच्या हाती सबंध विभाग येणार, हे घरी सासूबाईही धरून चालल्या होत्या.

अशा चिपमध्ये अतिसूक्ष्म घरांच्या ओळी असतात. घर भरलेले असते किंवा रिकामे. सारी माहिती एवढ्यावरच लिहिलेली. उष्णतेने एखादे घर गळते आणि लिहिलेले बदलते. म्हणून प्रत्येक ओळीला काही जादा घरे साक्षीदार म्हणून जोडतात. एक घर बिघडले की साक्षीदारांच्या जबान्या जुळवून चिपमधलाच सुधारक नावाचा भाग नेमके तेच घर ओळखतो आणि गुपचूप पूर्ववत करतो. बाहेर कोणाला पत्ताही लागत नाही. दिराचा सुधारक इतका चपळ होता की सगळ्या चिप्स बिनचूक ठरल्या.

सही करण्यापूर्वी तिने सवयीने एक चिप उचलली आणि नेमापेक्षा अंमळ जास्त तापवली. म्हणजे त्या चिपचे म्हातारपण थोडे अलीकडे आणले. मग सुधारक बंद ठेवून वाचली. एका ओळीत दोन चुका निघाल्या, अगदी शेजारच्या घरांत. दोन चुका एकदम निस्तरणे सुधारकाला झेपत नाही, हे तिला ठाऊक होते. चालू केल्यावरही दोनच दिसतील, असे तिने गृहीत धरले.

दिसल्या तीन.

आपली नजर चुकली असे तिला वाटले. तिने वायर बदलली, दुसरी चिप लावली. बंद असताना दोन, चालू केल्यावर तीन. तिसरे घर धडधाकट होते. ते सुधारकानेच बिघडवले होते. आणि पडद्यावर नेहमीचा हिरवा निरोप उमटला होता: दुरुस्ती पूर्ण. स्टूल पुढे ओढून ती बसली आणि तिने दिराला फोन लावला.

तो हसतच आला. ‘‘काय वहिनी, झाली सही? का दिरालाही अडकवलंत चाळणीत?’’

‘‘आधी बसा, भाऊजी.’’

‘‘अरे बापरे! बसा म्हणजे प्रकरण गंभीर दिसतंय.’’

तिने त्याला दोन्ही वाचने दाखवली.

‘‘वायर सैल असेल.’’

‘‘बदलली.’’

‘‘मग भट्टी...’’

‘‘भट्टीवर ढकलू नका. तिनं काय घोडं मारलंय तुमचं?’’

तो बसला. दोन चुकांच्या जबान्या एकमेकींत मिसळून भलत्याच घराकडे बोट दाखवत होत्या, हे त्याला सांगावे लागले नाही. सुधारकाच्या चाचणीत सगळेच एका वेळी मुद्दाम एकच चूक पेरत आले होते. तीही तेच करत आली होती. घरे सुटी सुटी होती तोवर त्यात वावगे काही नव्हते. चिपच्या मागच्या पिढीपासून मात्र ती भिंतीला भिंत लावून बसली होती. एक गळले की शेजारचेही गळायचे.

‘‘वहिनी, हे कधी काळी एखाद्या वेळेला होईल,’’ तो खालच्या आवाजात म्हणाला. ‘‘आज सही करा. पुढच्या खेपेत मी नीट करतो. घरचं माणूस म्हणून मागतोय.’’

‘‘आणि त्या एखाद्या वेळेला ही चिप नर्सला काय सांगेल?’’

त्याने पडद्याकडे पाहिले. ‘‘दुरुस्ती...’’ वाचता वाचताच तो थांबला.

मग त्याने तिथेच खुर्ची ओढली आणि साक्षीदारांची मांडणी उलटसुलट करायला घेतली. कोणत्या घराची साक्ष कोणी द्यायची, एवढेच बदलायचे होते. जादा घर एकही लागत नव्हते. शेजारच्या कोणत्याही जोडीच्या जबान्या मिसळल्या तरी बोट कोणाच्याच घराकडे जाऊ नये, अशी ती मांडणी हवी होती. म्हणजे सुधारक हात आखडता घेईल आणि चूक आहे, जागा सापडत नाही, एवढेच कळवील. यंत्र घंटा वाजवील, नर्स धावत येईल. दोघांचा चहा गार होऊन साय धरली, तेव्हा कुठे संगणकावरच्या नमुन्यात ते जमले.

‘‘सुटलं!’’ त्याने खुर्चीत अंग टाकले. ‘‘आईला काय तोंड दाखवू, हीच धास्ती होती.’’

ती मात्र आधीच्याच मांडणीकडे पाहत होती. ‘‘भाऊजी, ही पहिली मांडणी तुमची?’’

‘‘छे हो, मागच्या चिपवरून उचलली. इस्पितळांत सगळीकडे तीच तर चालू आहे. आजवर एक तक्रार नाही.’’

बोलून झाल्यावर तो हिरवा निरोप त्याला आठवला.

‘‘तक्रार येणार कशी?’’ ती म्हणाली.

तिने कपाटातून मागच्या पिढीची चिप काढून भट्टीत लावली. दोघे काचेसमोर उभे राहिले. कोणी कोणाकडे पाहिले नाही. सुधारक बंद असताना दोन चुका आल्या. तो चालू करायला तिने हात पुढे केला. दिराने तो हात हळूच बाजूला सारला आणि स्वतः कळ दाबली.

तीन. आणि खाली तोच हिरवा निरोप.

‘‘मोठ्या साहेबांकडे मी जातो,’’ तो कसाबसा म्हणाला. ‘‘बाहेर गेलेला सगळा माल परत बोलवा, म्हणून सांगतो. तुम्ही बसा, वहिनी. तुमचा यात काय दोष?’’

मागच्या चिपवर सही कोणाची होती, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. तिने मनगटाचा पट्टा सोडला, ती जुनी चिप मुठीत घेतली आणि त्याच्या मागोमाग जिना चढू लागली.