पाँडिचेरीच्या रुंद रस्त्यावर

आमच्या घरात पुरुष पुढे चालतात. तसा नियम कुणी केलेला नाही. सासरे पुढे आणि सासूबाई मागे चालायच्या, लग्नानंतर नवरा आणि मीही त्याच रांगेत लागलो. तोंडावर मी त्याला अहोजाहो करते, पण लिहिताना एकेरीच बरं वाटतं. तो सरकारी संशोधन संस्थेतला इंजिनियर, आता निवृत्त. जेवताना तो मला समोरून दिसतो, घराबाहेर पडलो की पाठमोरा.

बंगळुरात त्याला निदान सबब असते. के. आर. पुरमला आमच्या दाराबाहेरच्या फुटपाथवर दोन माणसं शेजारी मावत नाहीत. स्कूटर उभी असली तर एकही मावत नाही. चिकपेटेत एखाद्या साडीपाशी मी जरा रेंगाळले की दुकानदारच सांगतो, "अक्का, यजमानरु मुंदे होदरु." यजमान पुढे गेले, असं त्याने सांगितलं की मी पिशवी सावरत धावते. त्यामुळे मुलीने आमची पाँडिचेरीची तिकिटं काढली आणि म्हणाली, "आई, तिथे सगळं पायी फिरता येतं. संध्याकाळी समुद्राकाठच्या रस्त्यावर गाड्या बंदच असतात," तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट आली. तिथे तरी आम्ही शेजारी शेजारी चालू. खाण्याचं आणि देखाव्याचंही ती बरंच काही सांगत होती, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं.

गाव खरंच देखणं आहे. पिवळ्या भिंती, त्यांवरून ओघळलेली बोगनवेल, आणि कुठल्याही गल्लीतून सरळ गेलं की समोर समुद्र. गल्ल्या काटकोनात आहेत म्हणून नवरा खूश होता. हे तो पुढे बघत सांगत होता, मला मागून निम्मंच ऐकू येत होतं. बेकरीत क्रॉसाँ खाताना म्हणाला, "ही तर आपल्या खारीची श्रीमंत बहीण!" मी मनापासून हसले. टेबलाशी तो फार चांगला माणूस आहे.

संध्याकाळी समुद्राकाठी गेलो. रस्ता एवढा रुंद की एखादी वरात आरामात गेली असती. एकही गाडी नव्हती. म्हातारी जोडपी, कॉलेजची पोरं, सगळे जोडीजोडीने चालले होते. नवरा पुढे होता आणि किनाऱ्यावरचे काळे दगड धूप थांबवायला कसे रचलेत ते समजावत होता. मला चीड आली. एका बाईकडून मी खोबरं-कैरी घातलेलं चण्याचं सुंडल घेतलं आणि कठड्यावर बसून टाकलं. म्हटलं, बघू याला कधी कळतं.

तो हातवारे करत गेला तो गेलाच. रस्त्याकडेच्या उंच पुतळ्याच्याही पलीकडे त्याचा पांढरा शर्ट गर्दीत दिसेनासा झाला. सुंडल मात्र झकास होतं.

परत आला तेव्हा त्याला धाप लागली होती आणि चेहरा उतरला होता. एवढं घाबरलेलं मी त्याला क्वचितच पाहिलंय.

"होतीस कुठे? मी आपला बोलतोय, बोलतोय! मला वाटलं तू मागे आहेस."

"मागेच होते."

तो शेजारी बसला, माझ्या पुडीतले चणे खाऊ लागला. जरा वेळाने मी सांगितलं, "मला तुमच्या शेजारून चालायचंय. त्यासाठीच आले मी इथे."

"एवढंच ना? चल की मग," तो म्हणाला.

आम्ही निघालो. त्याचा खांदा माझ्या खांद्याजवळ होता आणि तो मुद्दाम सावकाश चालत होता. मला छान वाटत होतं, थोडं अवघडल्यासारखंही. दिव्यांच्या रांगेपर्यंत पोचलो आणि पाहते तर तो पुन्हा दोन पावलं पुढे होता. त्याने वेग वाढवला नव्हता. माझेच पाय मागे पडले होते.

भर रस्त्यात नवऱ्याला हाक मारायची नाही, असं कुणी मला कधी बजावलं नव्हतं. तरी मी ती मारली नव्हती. आत्ता मारली.

"अहो, थांबा."

तो लगेच थांबला. वळून, मी पोचेपर्यंत उभा राहिला. इतकं सोपं होतं ते, आणि मला रडू आलं ते त्याचंच.