पुढची बातमी सांगा

सुखदेव गेल्याची बातमी मला पेपरातून नाही, फोनवरून कळली. गोंदियाच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात सकाळची गर्दी होती. काउंटरवर एक बाई "भैया, दोनों साइड निकालना" म्हणून मागे लागली होती आणि मी एका हाताने मशीनचं झाकण धरून दुसऱ्या हाताने फोन उचलला. हायवेवरच्या कोहमारा गावाहून सरिता बोलत होती, सुखदेवकडे अभ्यासाला येणारी मुलगी. "दादा, भाऊले हायवेवर ट्रकनं उडवलं... पेपर आनाले गेले होते." ती पुढेही काही सांगत होती, पण मला तेवढंच पुरे होतं. वर्षभर आम्ही दोघं भेटलो की आमचं बोलणं त्याच रस्त्यावर येऊन थांबायचं. मी झाकण सोडलं, बाईचे कागद तिच्या हातात दिले आणि शटर अर्धं ओढून बसस्टँडकडे निघालो. वाटेत मला रडू नाही आलं, राग आला. आजही तो उतरलेला नाही, म्हणूनच हे लिहायला इतके आठवडे लागले.

सुखदेव आणि मी कॉलेजपासूनचे सोबती. भंडाऱ्यातून आमचा जिल्हा वेगळा झाला तेव्हा आम्ही नुकतेच पदवीधर झालो होतो. नवा जिल्हा म्हणजे नवी कलेक्टर कचेरी, नव्या खुर्च्या, आणि त्या खुर्च्यांवर बसायला आम्हीच, असं आम्हाला खरोखर वाटत होतं. कोहमाऱ्याला विहाराच्या मागे एक खोली रिकामी होती. वस्तीतल्या जाणत्यांनी ती आम्हा अभ्यास करणाऱ्यांना दिली. सकाळची वंदना झाली की आम्ही सतरंजी अंथरायचो. नागपूरकडून येणाऱ्या पहिल्या बसने पेपरांचा गठ्ठा यायचा, कंडक्टर तो चहाच्या टपरीवर टाकायचा आणि आमच्यापैकी कोणीतरी जाऊन घेऊन यायचा. मग सुखदेव चालू घडामोडी घ्यायचा. तोही आमच्यासारखाच परीक्षार्थी, पण शिकवायला लागला की आवाजच बदलायचा. त्याची पद्धत अशी, की एक बातमी वाचायची, मग एकाने तिची मागची बातमी सांगायची आणि दुसऱ्याने पुढची. म्हणजे कुठल्या देशात सरकार पडलं, तर ते आलं कसं होतं ही मागची, आणि आता तिथून येणाऱ्या तेलाचं काय होणार ही पुढची. "बातमी म्हंजे मालगाडीचा मधला डबा हाये गा," तो म्हणायचा. "मागं काय जुडलं, पुढं काय जुडलं, हे नाही दिसलं त डबा पाहून काय करतं?" पुढची बातमी चुकली की भज्यांचा खर्च चुकणाऱ्याचा. मी त्या खोलीत किती भजी खाऊ घातली असतील याला हिशेब नाही.

ती भजी आम्ही जिल्ह्याच्या पानावर खायचो. ही आमची रीतच होती. गठ्ठा सोडला की आधी जिल्ह्याचं पान बाहेर काढायचं आणि बाजूला ठेवायचं, कारण त्यावर प्रश्न येत नाही. आमगाव, देवरी, सालेकसा, सगळ्या तालुक्यांवर आम्ही तेल सांडलं. दरेकशाकडे जंगलात काही झालं, कुठे तापाची साथ आली, कुठे पुलावरून पाणी गेलं, ते सगळं भज्यांखाली. मध्य आशियातल्या देशांच्या राजधान्या मात्र आम्हाला झोपेतून उठवलं तरी पाठ. शेजारच्या गावचा पूल पडल्याचं आम्हाला टपरीवाल्याकडून कळायचं, आणि त्याचंही आम्हाला काही वाटायचं नाही. अभ्यास म्हणतात तो हाच, अशी आमची पक्की समजूत होती.

मी लवकर थकलो आणि दुकान टाकलं. सुखदेव थकणाऱ्यातला नव्हता. राज्यसेवेची पूर्व झाली, मुख्य झाली आणि एका वर्षी तो मुलाखतीपर्यंत पोचला. वयाची अट संपत आलेली, म्हणजे हीच शेवटची. त्याच्या आईने शेजारणीकडून नवा शर्ट इस्त्री करून आणला होता. मुंबईहून परतला तो सरळ माझ्या दुकानात आला आणि स्टुलावर बसला. मग म्हणाला, "साहेबानं विचारलं, तुमच्या जिल्ह्यात सध्या काय चालू आहे? मी सांगतलं, धान होते, जंगल हाये, तलाव हायेत, सारस पक्षी हाये. साहेब हासला. म्हने, हे तर भूगोलात आलं. आता काय चालू आहे? या महिन्यात?... आन मले एक गोष्ट नाही आठवली रे. एक नाही." निकाल लागायचा होता, पण त्याला तो तिथेच लागला होता, आणि पुढे लागला तो तसाच.

कोणी दुसरा असता तर पुस्तकं रद्दीत घालून मोकळा झाला असता. सुखदेव भावासोबत धानाची शेती करू लागला आणि सकाळी विहाराच्या खोलीत पोरापोरींना शिकवू लागला. फीचा विषयच नव्हता. फक्त एक नियम त्याने उलटा केला. आता गठ्ठा सोडला की पहिलं जिल्ह्याचं पान वाचायचं, आणि त्यावर काही खायचं नाही. पोरं कुरकुरली, पण मुलाखतीची गोष्ट त्यांना माहीत होती. आणि मग एक विचित्र प्रकार सुरू झाला. जगाच्या बातम्यांवर पुढची बातमी सांगणं हा खेळ होता, चुकला तर भजी. आपल्या गावाच्या बातम्यांवर तोच खेळ सुरू झाला तेव्हा पोरं अडखळायला लागली, कारण त्यांची उत्तरं बरोबर यायला लागली. तलावाच्या पाळीला भेग पडल्याची बातमी आली. पुढची सांगा, म्हटल्यावर एकाने सांगितलं, की खालच्या शेतांतली धानाची रोवणी वाहून जाईल. त्या पावसाळ्यात ती गेली. सुखदेवने मला हे सांगितलं तेव्हा मी थट्टा केली, "आता कोंबडं अन् लिंबू घेऊन बस, जास्त गिऱ्हाईक येईल." तो हसला नाही. म्हणाला, "याच्यात जादू कायची? सगळ्याइले दिसूनच राहिलं आहे. मोठ्यानं कोनी म्हनत नाही येवढंच."

तेव्हाच हायवे रुंद होऊ लागला. दोन्हीकडची झाडं गेली, मधे दुभाजक आला आणि नागपूरची बस पलीकडच्या बाजूला थांबायला लागली. टपरीही तिकडेच सरकली. विहार, शाळा, वस्ती अलीकडे. आधी दोन ढांगांत ओलांडायचा रस्ता आता धावत ओलांडावा लागायचा. जिल्ह्याच्या पानावर कोहमारा दिसायला लागला. एकदा कोणाच्या बकऱ्या चिरडल्या. मग एका सायकलवाल्याचा पाय मोडला. मग मोटारसायकलवरचे नवरा-बायको जखमी. प्रत्येक वेळी तीन-चार ओळी, पानाच्या अगदी तळाला. सरिता तेव्हा नवीन होती. नवेगाव बांधच्या मासेमारी करणाऱ्या घरातली, इथे मामाकडे राहून अभ्यास करणारी, बोलायला एकदम सडेतोड. सुखदेवने त्या नवरा-बायकोची बातमी वाचली आणि सवयीने म्हणाला, "पुढची बातमी सांगा." सरिता म्हणाली, "भाऊ, पुढची बातमी त आपलीच हाये. आपल्यातलाच कोनी तरी पेपर आनाले जाते ना रोज."

त्या दिवसापासून त्याने पोरांना रस्ता ओलांडायला बंदी केली. पेपर आणायला तो स्वतः जायचा. अर्ज घेऊन संबंधित कार्यालयाच्या फेऱ्याही त्याने सुरू केल्या. गतिरोधक द्या, नाहीतर निदान शाळेपाशी दिवा द्या. एका टेबलावरचा माणूस चांगला होता म्हणे, त्याने चहा पाजला, अर्ज वाचला आणि विचारलं, "पण अजून तिथे कोणी गेलं तर नाही ना?" सुखदेवने हे मला सांगितलं तेव्हा आवाज अगदी शांत होता. "त्याले आधी मागची बातमी पाहिजे गा. तेव्हा तो पुढची देइल."

आमची शेवटची भेट कोहमाऱ्याच्या ढाब्यावर झाली. मी देवरीला लग्नाला चाललो होतो, वाटेत उतरलो. थंडीचे दिवस, सकाळचं धुकं अजून उठलेलं नव्हतं. ट्रकांचे दिवे आधी दिसायचे, मग आवाज, मग ट्रक. मी म्हणालो, "अरे, आता सगळं मोबाइलवर येते. कायले जातं मरायला?" तो म्हणाला, "मोबाइलवर दिल्ली येते, अमेरिका येते. आपलं पान पुरं नाही येत. अन् पोरं तेच नाही वाचतील त माझ्यासारखेच वापस येतीन." मग पलीकडे बस लागली आणि मी रस्त्यावर पाऊल टाकणार, तर त्याने माझं मनगट धरलं. घट्ट, दुखेल इतकं. एक ट्रक गेला, दुसरा गेला, त्याने सोडलं नाही. मी म्हणालो, "सोड ना बे, बस जाइल." तो म्हणाला, "जाऊ दे. दुसरी येते." माझी बस गेली. आम्ही आणखी एक चहा घेतला. त्या हाताची पकड मला अजून जाणवते, आणि त्याचं मनगट धरायला तो गेला त्या सकाळी तिथे कोणी नव्हतं हे मला सहन होत नाही.

तीही धुक्याचीच सकाळ होती. गठ्ठा घेऊन तो दुभाजकापर्यंत आला होता, असं टपरीवाला सांगतो. ट्रकवाला पळाला नाही, त्यानेच उचलून दवाखान्यात नेलं, आणि तिथे पायरीवर बसून तो लहान मुलासारखा रडत होता. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर तळाला चार ओळी आल्या. रस्ता ओलांडताना इसमाचा मृत्यू. ज्याने आयुष्यभर बातम्या वाचल्या आणि वाचायला शिकवल्या, तो स्वतःच्याच बातमीत इसम झाला! मी ते पान गोंदियाच्या स्टँडवर उभ्याने वाचलं आणि माझ्या तोंडून शिवी गेली.

आता मागची बातमी मिळाली होती. त्यामुळे आठवडाभरात त्या कार्यालयाची माणसं आली, फीत लावून रस्ता मोजला आणि चुन्याची रेघ मारून गेली. सुखदेवच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो तेव्हा ती रेघ टायरांखाली जवळजवळ पुसली होती. गतिरोधक नव्हता.

त्या रात्री मी तिथेच राहिलो आणि सकाळी विहाराच्या खोलीत जाऊन बसलो. सुखदेवची जागा खिडकीजवळची, तिथे कोणी बसत नाही. वर्ग सरिता घेते. तिचीही परीक्षा आहे, पण घेते. पेपर आणायची आता पाळी लावली आहे, त्या दिवशी विकास नावाच्या एका मुलाची होती. बाहेर बसचा हॉर्न वाजला आणि खोलीतलं वाचणं थांबलं. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. सगळ्यांचे कान रस्त्याकडे. एक ट्रक गेला, आणखी एक गेला... मग दारात चपला काढल्याचा आवाज झाला, विकास आत आला, गठ्ठा सतरंजीवर ठेवला आणि वाचणं पुन्हा सुरू झालं. सरिताने जिल्ह्याचं पान काढलं. तळाची एक बातमी वाचली, कुठल्यातरी दुसऱ्या फाट्यावर एक शाळकरी मुलगी जखमी. "मागची?" तिने विचारलं. "सुखदेवभाऊ," विकास म्हणाला. "पुढची?" विकासला अजून धाप लागलेली होती. सरिताने थोडी वाट पाहिली, पानाची नीट घडी घातली आणि म्हणाली, "उद्या पेपर आनाले मी जातो."