सगळं जळालं म्हणे

उद्या पोलिक्सेनीआजी चर्चमध्ये येणार नाही म्हणाली, आणि ते काही केल्या माझ्या मनातून जात नाही. ती शेजारी एकटी राहते, नव्वदीला टेकली आहे. दर डिसेंबरात चर्चमध्ये गावातल्या मृतांची नावं वाचतात; त्यांच्यासाठी वाटायचा गहू तिनेच शिजवायचा, ही इथली रीत.

दुपारी आमच्या स्वयंपाकघरात ती उकडलेला गहू फडक्यावर पसरत होती, मी डाळिंब सोलत होते. माझी लेक मिर्तो उद्याचं भाषण म्हणून दाखवत होती. त्रेचाळीसच्या डिसेंबरात जर्मन सैनिकांनी ग्रीसमधल्या आमच्या या गावातले पुरुष खळ्यावर नेऊन मारले आणि घरं पेटवली. त्याला आम्ही ओलोकाफ्तोमा म्हणतो. तो शब्द आला कुठून, हे शाळेने मिर्तोला सांगायला दिलं होतं.

“पूर्वी बळी दिला की हाडं-चरबी देवाला, मांस माणसांना. पण ओलोकाफ्तोमा म्हणजे अख्खा प्राणी जाळायचा. कुणाला वाटा नाही, मागे काही उरत नाही.”

“कोण म्हणतं उरत नाही?” आजी म्हणाली. “आणि बळी म्हणे! आम्हाला विचारलं होतं का कुणी?”

“आजी, पुस्तकात आहे तसं.”

“पुस्तकाला म्हणावं, ये इकडे, गहू पसरायला लाग.” मिर्तो हसली. आजी हसली नाही. “माझा भाऊ उरला होता. ईस्टरआधीचे, लेन्टचे उपास लागेपर्यंत.”

तिचे वडील खळ्यावर गेले, हे सगळ्यांना माहीत आहे. भावाबद्दल मी कधीच ऐकलं नव्हतं.

“तान्हा होता गं. बाप्तिस्मा राहिला होता.”

आमच्यात बाप्तिस्म्याशिवाय बाळाला नाव नसतं, आणि नाव नसेल तर चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना होत नाही.

“पाद्रीही खळ्यावरच मेला. नाव ठेवणार कोण? आई लाकडं शोधायला गेलेली, बाळ निळं पडलं. पाद्री नसेल तर मरणाऱ्या बाळाला तीनदा आभाळाकडे उचलायचं आणि नाव घ्यायचं, हे मी ऐकलेलं. उचललं. थ्रासिवुलोस. बाबांचं नाव. एवढंसं पोर, आणि नाव बघ केवढं!”

तिने गव्हाने चिकट झालेले हात वर नेले. मला तिच्याकडे बघवेना.

“सात वर्षांची होते मी. आईला सांगितलं नाही. लेकरू बिननावाचं गेलं म्हणून ती जन्मभर रडली, तरी नाही सांगितलं. तिसऱ्यांदा उचललं तेव्हा त्याच्यात जीव होता की नव्हता, कोण जाणे.”

“आजी, आपण पापा-लाम्ब्रोसना विचारू ना, असं ठेवलेलं नाव चालतं का,” मी म्हणाले. “पाद्री आहेत, त्यांना कळेल.”

“नको. ते नाही म्हणाले तर? आत्ता निदान त्याला नाव तरी आहे.” तिने हात पुसले. “मी उद्या येत नाही. नावं वाचतात, मी ऐकते, नावं संपतात, आणि तो राहतोच.”

गहू तसाच टाकून ती गेली. मिर्तो रडून झोपली. सात वर्षांची! मिर्तो त्या वयात एकटी अंगणातही जायला घाबरायची. आणि तिचं हे दुःख ठाऊक नसताना या बाईच्या हातचं मी इतकी वर्षं खात आले, तिच्याकडे मूल सोपवून कामाला गेले.

विचारू नको, असं ती म्हणाली आहे. पण उद्या नावं वाचायच्या आधी विचारलं नाही, तर पुढच्या डिसेंबरात ती असेल का? पापा-लाम्ब्रोस नाही म्हणाले, तर ते ‘नाही’ माझ्यापाशी राहील, तिच्या कानावर जाणार नाही. हो म्हणाले, तर ते नाव ऐकायला तिला हाताला धरून घेऊन जाईन.

त्यांना झोपेतून उठवावं लागेल. उठवते. फोन करते.